पाच हजारांच्या आतली रॉड-रील: मरळीला वेगळी, कटल्याला वेगळी

मासेमारीत दोरा गुंडाळणाऱ्या रीलच्या खोक्यावर ‘13+1 बेअरिंग’ असं ठळक छापलेलं असतं आणि किंमत असते नऊशे रुपये. पाच हजारांच्या आत रॉड-रील घेणाऱ्याने हा आकडा वाचूच नये. बेअरिंग जास्त असली की हँडल रिकाम्या हाताला गुळगुळीत लागतं, एवढंच. गळाला लागलेला मासा काठावर येतो की निम्म्यातून जातो, हे ठरतं ड्रॅगवर, दोरा वळवून घेणाऱ्या तारेच्या (बेलच्या) कोपऱ्यातल्या लाइन रोलरवर आणि आतल्या गिअरवर. नऊशे रुपयांत तेरा बेअरिंग बसवणाऱ्याने काटकसर नेमकी याच तीन जागी केलेली असते.

ड्रॅग म्हणजे स्पूलच्या (दोरा गुंडाळलेल्या चकरीच्या) आतल्या चकत्यांचा ब्रेक. ठरवलेल्या ताकदीपेक्षा जास्त ओढ आली की स्पूल घसरतो, दोरा सुटतो आणि तुटायचा वाचतो. चांगला ड्रॅग पहिल्या हिसक्याला आणि नंतरच्या ओढीला सारख्याच ताकदीने सुटतो. बिननावाच्या रीलमध्ये चकत्या पातळ आणि कोरड्या असतात. त्या आधी चिकटून बसतात आणि मग एकदम सुटतात. दोरा तुटतो तो या चिकटलेल्या क्षणी. मग खोक्यावर 8 किलो ड्रॅग लिहिलेला असो की 12 किलो, काही फरक पडत नाही.

हे दुकानातच तपासता येतं. बॅगा तोलायचा लटकता काटा खिशात ठेवा. दोरा काट्याच्या हुकाला बांधा, ड्रॅग 1 किलोवर आणा आणि रील धरून सावकाश मागे सरका. काटा 1 किलोच्या आसपास स्थिर राहिला तर रील घेण्यासारखी. तो दीड किलोवर जाऊन पाऊण किलोवर पडत असेल, पुन्हा चढत असेल, तर ती रील परत ठेवा. हीच ओढ चालू असताना लाइन रोलरकडे बघा. तो फिरायला हवा. रोलर जाम असेल तर दोरा एकाच जागी घासतो, गरम होतो आणि दहा-पंधरा फेकीतच त्याला पीळ पडायला लागतो. हँडल मागेपुढे हलवून बघा. उलट दिशेला अर्धा इंच जरी मोकळं जात असेल तर गळ रुतवायला झटका मारताना तेवढी ताकद वाया जाते. शेवटी कापसाचा बोळा स्पूलच्या कडेवरून आणि रॉडवरच्या, दोरा जाणाऱ्या प्रत्येक कडीतून फिरवा. जिथे कापसाची तार अडकते तिथे कंगोरा किंवा चीर आहे, आणि दोरा तिथेच कापला जाणार.

या कसोटीला उतरणाऱ्या रील स्वस्त गटातही आहेत. शिमानोची एफएक्स ही त्यांच्या सगळ्यात स्वस्त रीलपैकी एक, आणि सिएना तिच्या पायरीभर वर. दाइवाची क्रॉसफायर सिएनाच्याच तोडीची. दर दुकानागणिक हलतात, पण एफएक्स साधारण दीड-दोन हजारांत आणि बाकीच्या दोन अडीच ते साडेतीन हजारांत धरून चालावं. चिलापी, छोटा रोहू, शिंगटा एवढंच पकडायचं असेल तर एफएक्स पुरते आणि तिच्यावर जास्त खर्च करण्याचं कारण नाही. मोठ्या धरणावर बसायचं असेल तर वरचे हजार रुपये ड्रॅगसाठी मोजावेत, ते वसूल होतात. या गटातल्या रीलची अंगं बहुतेक ग्राफाइट मिसळलेल्या प्लॅस्टिकची असतात. जोराच्या ओढीला ती किंचित वळतात आणि गिअर एकमेकांवर तिरके घासतात. म्हणून मासा नुसतं हँडल फिरवून खेचायचा नाही. रॉड वर उचलून मासा आणायचा आणि रॉड खाली नेताना दोरा गुंडाळायचा. स्वस्त रीलचं आयुष्य या एका सवयीने वाढतं.

आकाराच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. 2500, 3000, 4000 हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नाहीत. एकाची 3000 दुसऱ्याच्या 2500 एवढी भरते. आकडा सोडा आणि स्पूलवर छापलेली दोऱ्याची क्षमता वाचा. 0.25 मिमीचा तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोरा) दीडशे मीटरच्या आसपास बसत असेल तर ती मधल्या आकाराची रील. 0.30 मिमीचा पावणेदोनशे मीटर बसत असेल तर मोठी.

आता मासे. आपल्याकडचं, मराठवाड्याच्या आसपासचं पाणी एका तऱ्हेचं नाही. पैठणचा नाथसागर, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर, धनेगावचं मांजरा, माकणीचं निम्न तेरणा ही मोठी, उघडी पाणी. दुसरीकडे गावोगावचे पाझर तलाव, बंधारे आणि गोदावरीचे डोह. तिथे जलपर्णी, पाणकणीस आणि बुडालेल्या वेड्या बाभळी. उघड्या पाण्यात मासा लांब पळतो, गवतात तो जागच्या जागी दोरा गुंतवतो. एकच रॉड दोन्हीकडे चालवायची म्हटली की दोन्हीकडे मासे जातात.

मरळीपासून सुरुवात करू, कारण स्वस्त सामान सगळ्यात जास्त मोडतं ते मरळीवर. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे कमी प्राणवायूच्या गढूळ, गवताळ पाण्यात ती आरामात राहते. तिला पोकळ रबरी बेडूक लागतो, ज्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणजे गवतावरून ओढताना अडकत नाहीत. मरळ बेडूक घेते तेव्हा रबर दाबलं जातं आणि मगच गळ उघडे पडतात. इथे मऊ रॉड कामाची नाही. मऊ टोक झटक्याची सगळी ताकद स्वतःच वाकून पिऊन टाकतं, गळ जबड्याच्या हाडात घुसत नाही आणि मरळ दोन सेकंदांनी बेडूक थुंकते. लोक बेडकाला दोष देतात. दोष रॉडचा असतो.

मरळीसाठी 7 फुटी, दोन तुकड्यांची, एमएच म्हणजे मध्यम-जड ताकदीची, टोकाकडेच वाकणारी रॉड घ्या. रॉडच्या कांडीवर मुठीच्या वर फेकायचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. ते 10 ते 30 ग्रॅम किंवा 15 ते 40 ग्रॅम असावं. बेडूक साधारण 10 ते 15 ग्रॅमचा असतो. 5 ते 15 ग्रॅमची रॉड त्याला फेकेल, पण गवतातून दोन किलोची मरळ उपसताना ती तुटू शकते. दोरा इथे तंगूस नको. तंगूस ताणला की लांबतो, आणि लांबवर मारलेला झटका पुरता पोचत नाही. 30 ते 40 पौंडाची विणलेली ब्रेड लावा. स्वस्त ब्रेडवर छापलेली ताकद बऱ्याचदा फुगवलेली असते, म्हणून पौंडाबरोबर जाडीही बघा: 30 पौंडाच्या दोऱ्याची जाडी 0.23 मिमीच्या आसपास असते. 0.12 मिमीच्या दोऱ्यावर 40 पौंड लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. टोकाला हातभर 0.50 ते 0.60 मिमीचा जाड तंगूस जोडा. मरळीचे दात ब्रेडचे धागे एकेक करून सोलतात. तारेची गरज नाही, तार लावली की बेडूक पाण्यावर नीट चालत नाही.

ब्रेड भरताना आधी रिकाम्या स्पूलवर दहा-बारा मीटर तंगूस गुंडाळा, मग त्याला ब्रेड जोडा. ब्रेड थेट बांधली तर ती स्पूलवर धरून राहत नाही, अख्खा गुंडा स्पूलभोवती फिरतो. ड्रॅग पूर्ण आवळलेला असतानाही मासा दोरा नेतोय असं दिसलं तर रीलला शिव्या देण्याआधी हे तपासा. स्पूलच्या कडेपासून 2 ते 3 मिमी जागा सोडून दोरा भरावा. काठोकाठ भरला की फेकताना वेटोळीच्या वेटोळी एकदम सुटतात आणि कडीत गाठ बसते. कमी भरला तर फेक पडत नाही.

मरळीने पाणी फोडलं की लगेच झटका मारू नका. दोऱ्याचा झोल गुंडाळून घ्या, तोवर एक-दोन सेकंद जातात, मग रॉड बाजूने वर जोरात ओढा. ड्रॅग जवळजवळ घट्ट असावा. गवतात मरळीला पळू दिलं तर ती देठांना तीन वेढे देऊन बसते. या सगळ्यामुळे रीलमध्ये पहिला जातो तो अँटी-रिव्हर्सचा रोलर, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा भाग: जोराच्या झटक्याला हँडल उलटं फिरून बोटांवर आपटतं. असं एकदा जरी झालं तरी ती रील मरळीवरून काढा आणि चिलापीला लावा.

पावसाळ्याच्या सुमाराला पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा घोळका एकत्र वरखाली होताना दिसतो. त्याच्या खाली नर-मादी राखणीला असतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात, म्हणून तिथे बेडूक टाकला की मासा हमखास लागतो. तो पकडू नका. राखणारे गेले की सगळा घोळका बाकीच्या माशांच्या पोटात जातो, आणि त्या बंधाऱ्यातली मरळ कमी होत जाते.

कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांचं गणित बरोबर उलटं. इथे ओढ लांब असते आणि तोंड मऊ. मरळीची ताठ रॉड रोहूवर वापरली की गळ ओठ फाडून बाहेर येतो. 8 ते 10 फुटांची, मध्यम ताकदीची, निम्म्यापर्यंत सावकाश वाकणारी रॉड घ्या. या कामाला फायबरग्लास मिसळलेली रॉड उत्तम. ती जड असते, पण माशाच्या प्रत्येक हिसक्याला नमते आणि दगडावर आपटली तरी सहसा तडकत नाही. अग्ली स्टिक जीएक्स2 याच जातीची आहे: ग्राफाइट आणि फायबरग्लासचं मिश्रण, टोक पारदर्शक फायबरग्लासचं, कड्या स्टीलच्या अखंड, त्यामुळे आतली चीनीमातीची रिंग पडून जाण्याचा प्रश्न नाही. दिवसभर हातात धरायला ती जड पडते. स्टँडवर ठेवून बसणाऱ्याला ते वजन जाणवत नाही. नुसत्या ग्राफाइटची स्वस्त रॉड इथे टाळावी. मोटारसायकलवर नेताना तिला पडलेली बारीक खोच दिसत नाही, आणि मोठा मासा लागला की नेमकी त्याच जागी कट्‌कन तुटते.

रील मोठ्या आकाराची, दोरा 0.30 ते 0.35 मिमीचा तंगूस. इथे तंगुसाचं लांबणं फायद्याचं, ते मऊ तोंडाला सांभाळून घेतं. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. 0.30 मिमीचा दोरा 6 किलोचा असेल तर दीड ते दोन किलो, आणि हे मोजमाप दोरा सगळ्या कड्यांतून काढून, रॉड वाकवून टोकाशी करावं. थेट रीलपाशी मोजलं की कड्यांचं घर्षण धरलं जात नाही आणि प्रत्यक्षात ड्रॅग जास्त घट्ट पडतो.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं खातो. त्याला तरंगीखाली दोन ते चार फुटांवर आमिष हवं. मृगळ तळाशी चरतो, त्याला शिसं लावून तळावर. रोहू या दोघांच्या मधे. तरंगीच्या फेकीत रॉडची लांबी कामी येते, कारण 7 फुटी रॉडने चार फूट लोंबणारा दोरा नीट फेकता येत नाही. कणीक, भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची पेंड समसमान मळली की गोळी गळावर टिकते. पेंड जास्त झाली की ती फेकतानाच सुटते, आणि रिकाम्या गळावर तासभर बसण्याची वेळ येते.

या माशांवर सामान गमावण्याची सगळ्यात सामान्य पद्धत म्हणजे रॉड स्टँडवर आणि ड्रॅग घट्ट. पाच किलोचा कटला लागला की रॉड-रील दोन्ही पाण्यात, आणि ते परत मिळत नाहीत. बसताना ड्रॅग इतका ढिला ठेवा की हाताने ओढला तर दोरा सहज सुटावा. मासा लागल्यावर रॉड उचलत ड्रॅग आवळा. मूठ दोरीने स्टँडला बांधावी हेही खरं, पण ढिल्या ड्रॅगशिवाय नुसती दोरी बांधली तर तंगूस तुटतो.

शिवडा रात्री, तळाजवळ, छोट्या मेलेल्या माशावर लागतो. त्याला 8 फुटी जड रॉड, मोठी रील, 0.45 मिमीचा तंगूस किंवा 40 पौंडी ब्रेड. त्याच्या जबड्यात बारीक दातांचे कानशीसारखे पट्टे असतात. ते दोरा कापत नाहीत, घासून झिजवतात, म्हणून टोकाला 0.70 मिमीचा तंगूस हातभर असावा आणि प्रत्येक माशानंतर बोटाने चाचपून खरखरीत भाग छाटावा. शिंगट्याला याच सामानाचा मधला आकार चालतो. त्याच्या पाठीचा आणि कल्ल्यांजवळचा काटा हातात घुसतो, पक्कड जवळ ठेवा. वाम लागली की दगडाच्या फटीत शेपूट रोवते. तिला पहिल्या दोन सेकंदांत तळावरून उचललं नाही तर दोरा तोडावा लागतो.

चिलापीला 6 फुटी हलकी रॉड, सगळ्यात छोटी रील, 0.18 मिमीचा दोरा, 8 ते 10 नंबरचा गळ आणि गांडूळ. पोरांना शिकवायला हेच सामान घ्यावं.

दुचाकीवर जाणाऱ्यांची पहिली पसंती दुर्बिणीसारख्या एकात एक जाणाऱ्या टेलिस्कोपिक रॉडला असते, कारण ती पिशवीत मावते. ती घ्यायची तर चिलापीपुरतीच घ्या. तिच्या कड्या प्रत्येक तुकड्याच्या टोकालाच बसतात, त्यामुळे भार सगळीकडे सारखा वाटला जात नाही आणि सांध्यांपाशी रॉड चपटी वाकते. काळ्या मातीचा बारीक कण सांध्यात गेला की तुकडे अडकतात. जोर लावून पिळले की आतली कांडी चिरते. दोन तुकड्यांची 7 फुटी रॉड साडेतीन फुटांत बसते, जाड पीव्हीसी पाइपात घालून गाडीला सहज बांधता येते.

पाच हजारांची विभागणी मरळीसाठी अशी बसते: रॉडला दोन हजार, रीलला दोन हजार, ब्रेडला आठशे, उरलेलं बेडकांना. कटला-रोहूसाठी रीलला तीन हजार द्या आणि रॉड हजार-दीड हजाराची साधी फायबरग्लासची घ्या. लांब ओढीत सगळी मदार ड्रॅगवर असते. कॉम्बो म्हणून रॉड, रील, दोरा, गळ एकाच पिशवीत हजार रुपयांना मिळतात. त्यातली रॉड एक वेळ चालते. दोरा मात्र काढून टाकावा. तो ताठ आणि वेटोळ्यांची आठवण धरणारा असतो, आणि रीलची अर्धी बदनामी त्याच्यामुळेच होते.

सामान घेऊन थेट धरणावर जाऊ नका. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो, आणि छंदासाठी गळ टाकणाऱ्यालाही त्यांची परवानगी लागते. नाथसागर तर 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. तिथे वन विभागाला आधी विचारावं.

घरी आल्यावर ड्रॅगची फिरकी पूर्ण ढिली करा. आवळून ठेवली की फेल्टच्या चकत्या दबून चपट्या होतात आणि पुढच्या वेळी तोच चिकटून-सुटण्याचा दोष येतो. धुताना नळाची धार रीलवर सोडू नका, पाणी धूळ आत ढकलतं; ओल्या फडक्याने पुसा. लाइन रोलरला आणि हँडलच्या सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. ड्रॅगच्या चकत्यांना मात्र तेल लागू देऊ नका, तिथे ड्रॅगचं ग्रीसच. गंज सोडवायचा स्प्रे आत मारला की तो मूळ ग्रीस धुऊन काढतो आणि गिअर कोरडे फिरतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत रील ठेवली तर ग्रीस पातळ होऊन अँटी-रिव्हर्सच्या रोलरवर उतरतं, तो घसरायला लागतो, आणि दुकानदार त्याला ‘रील खराब’ म्हणतो. रोलर उघडून, स्पिरिटने पुसून, अगदी हलकं तेल लावलं की तीच रील पुन्हा चालते.

दोऱ्याला पीळ पडला असेल तर नवा दोरा घेण्याआधी हे करा. गळ, शिसं, तरंगी सगळं काढा, नुसता मोकळा दोरा वाहत्या पाण्यात सोडा. कालव्याच्या कडेला सुरक्षित जागा असेल तर उत्तम. पन्नास मीटर सोडून पाच मिनिटं तसाच धरा. प्रवाहात तो स्वतःभोवती फिरून पीळ सोडतो. मग दोन बोटांच्या चिमटीत ओला रुमाल धरून त्यातून हलक्या ताणाने परत गुंडाळा. लाइन रोलर नीट फिरत असूनही पीळ पुन्हा पुन्हा पडत असेल तर बहुधा मासा दोरा नेत असताना तुम्ही हँडल फिरवताय. ड्रॅग सुटण्याचा आवाज येतो तोवर हात थांबवायचा असतो.